मदत हवी आहे: कर्करोगात वाढलेलं कॅल्शियम उतरलं, आता पुढचा काळ कसा धरायचा?

नमस्कार. बाबांना फुफ्फुसाचा कर्करोग आहे, स्क्वॅमस प्रकारचा, चौथी स्टेज. पहिली केमो झाली, पण नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली. हाडांत मात्र कुठेही पसरलेला नाही.

मध्यंतरी ते एकदम मलूल झाले. घशाला सारखी कोरड, पाणी प्यायले की लगेच लघवी, पोट साफ नाही, जेवण समोर आलं की मळमळ. दुखण्यासाठी मॉर्फिन चालू आहे, त्यामुळे गुंगी आणि बद्धकोष्ठ दोन्ही त्याच्याच नावावर जात होतं. मग एका संध्याकाळी स्वतःचा चष्मा हातात उलटसुलट करत त्यांनी मला विचारलं, "हे कुठे लावायचं असतं गं?" त्याच रात्री दाखल केलं.

रक्तात कॅल्शियम १२.४ आलं. रिपोर्टवर वरची मर्यादा १०.५ छापलेली, त्यामुळे आकडा तसा फार वाटेना. पण ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, ज्याला कॅल्शियम चिकटून असतं) पाहिलं, ते २.६ होतं. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात हिशोब मांडला: ४ मधून २.६ वजा, उरले १.४, त्याला ०.८ ने गुणून येणारा आकडा १२.४ मध्ये मिळवायचा. म्हणजे खरं कॅल्शियम साधारण १३.५. घरी असा रुग्ण असेल तर रिपोर्टमधलं अल्ब्युमिन नक्की बघा, म्हणून हे सविस्तर लिहिलंय.

शिरेतून सलाईन आणि कॅल्शियम उतरवणारी दोन औषधं, म्हणजे कॅल्सिटोनिनची इंजेक्शनं आणि झोलेड्रोनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम, दिली. काही दिवसांत कॅल्शियम जवळपास नॉर्मलला आलं, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिनही उतरलं. बाबा पूर्ण भानावर आहेत, आज स्वतःहून पेपर मागितला.

डिस्चार्जच्या वेळी मोठे डॉक्टर एवढंच म्हणाले, "हे लक्षण चांगलं नसतं." मी वाचलं त्यात सगळीकडे यानंतर आयुष्य एक ते तीन महिने असंच लिहिलंय. मला खरंच कळत नाहीये. कॅल्शियम उतरलं तरी तो आकडा लागू होतो का? हाडांत काही नसताना कॅल्शियम वाढलंच कसं? दुसरी केमो सुचवली आहे, ती घ्यावी का? आणि बाबांना किती सांगावं? ते विचारतील, मी ओळखते त्यांना. ज्यांनी हे घरात पाहिलंय किंवा जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी कृपया लिहा. धीर देण्यासाठी खोटं लिहू नका.

प्रतिसाद १

ताई, मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारातला त्रास कमी करणारे उपचार) डॉक्टर आहे. रिपोर्ट न पाहता लिहितोय, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

हाडांचं आधी. बहुतेक रुग्णांत कॅल्शियम वाढतं ते गाठीतून सुटणाऱ्या पीटीएचआरपी नावाच्या प्रथिनामुळे. हे आपल्या पॅराथायरॉइड हार्मोनसारखं वागतं: हाडांतून कॅल्शियम बाहेर काढायला लावतं आणि मूत्रपिंडाला ते बाहेर टाकू देत नाही. त्यासाठी गाठ हाडात असावी लागत नाही. स्क्वॅमस गाठींत हे बऱ्याचदा दिसतं.

आता आकड्याचं. एक ते तीन महिने हे खरं आहे, लपवत नाही. पण तो मध्य आहे. निम्मे त्याच्या आत जातात, निम्मे पुढे जगतात, आणि कोण कुठल्या बाजूला जाईल हे मुख्यतः मूळ कर्करोगावर औषध चालतं की नाही यावर ठरतं. झोलेड्रोनिकने कॅल्शियम उतरतं, गाठ तशीच राहते. त्याचा असर साधारण दोन ते चार आठवडे टिकतो, या प्रकारात कधीकधी त्याहून कमी. म्हणून दुसऱ्या केमोचा प्रश्न असा विचारा: बाबा दिवसाचा किती वेळ अंथरुणाबाहेर असतात? उठून फिरत असतील, स्वतःचं स्वतः करत असतील, तर उपचाराला अर्थ आहे. बहुतेक वेळ पडूनच असतील, तर केमोने आयुष्य वाढण्यापेक्षा त्रासच वाढण्याची शक्यता जास्त.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, तसंच रक्तदाबासाठी थायझाइड (लघवी वाढवणारं औषध) चालू असेल तर ते, हे डॉक्टरांना दाखवून बंद करून घ्या. झोलेड्रोनिकला दाद मिळाली नाही तर डेनोसुमॅब नावाचं दुसरं इंजेक्शन असतं.

प्रतिसाद २

आमच्या आईला स्तनाच्या कर्करोगात हे झालं होतं. तिला नंतर औषध लागू पडलं आणि बराच काळ मिळाला, पण तिचा आजार वेगळा होता, त्यावरून तुमच्या बाबांचं सांगता येणार नाही.

एक मात्र सांगते. आई भानावर होती तेव्हाच आम्ही तिला विचारून घेतलं: परत वाढलं तर पुन्हा दाखल करायचं का, आयसीयू हवं का. कॅल्शियम वर गेलं की माणसाला स्वतःचं मत सांगताच येत नाही, आणि मग भावंडांत वाद होतात. तुमचे बाबा आज पेपर मागतायत ना, मग आजच बोला. सगळं एकदम सांगायला नको. "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" एवढं विचारा, पुढचं ते ठरवतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बाबा सकाळी आपणहून उठून अंगणापर्यंत जातात, दुपारी झोपतात, संध्याकाळी खुर्चीत बसतात. हे डॉक्टरांना असंच सांगेन. त्यांच्या गोळ्यांच्या डब्यात आत्ता पाहिलं, कॅल्शियमची पट्टी अजून त्यातच होती. डिस्चार्ज कार्डावर त्याबद्दल काहीच नाही, डॉक्टरांना फोन करून विचारते.

बाबांशी आज रात्री बोलणार आहे. अजून एक विचारायचं राहिलं: रक्ततपासणी दर आठवड्याला करावी, की तहान आणि गुंगी दिसली की लगेच?