सव्वादोन वर्षांची मुलगी, पुढचा दात किडलाय: काळं पडणारं औषध लावावं का? मदत हवी आहे

नमस्कार. मुलीच्या वरच्या पुढच्या चार दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूसारखे पांढरे पट्टे आलेत. पुसून निघत नाहीत. त्यातल्या एका दातावर आता तपकिरी खड्डा पडलाय. खालचे पुढचे दात मात्र स्वच्छ आहेत. दुखत नाही, सूज नाही, जेवण नीट चाललंय.

लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांना दाखवलं. पांढऱ्या पट्ट्यांना फ्लोराइड वार्निश लावू म्हणाले. खड्ड्यासाठी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड सुचवलंय. ते नुसतं लावायचं असतं, कीड तिथेच थांबते, पण किडलेला भाग काळा पडतो आणि तसाच राहतो. नाहीतर खड्डा साफ करून भरायचा. ती खुर्चीत तोंडच उघडत नाही, त्यामुळे त्यासाठी गुंगी द्यावी लागेल. एवढ्या लहान जिवाला गुंगी म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि हसताना काळा दात दिसेल हेही मनातून जात नाही.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला छळता पोरीला? मला हे पटत नाही, पण समजावून सांगताही येत नाही.

रात्री बाटली तोंडात असल्याशिवाय ती झोपत नाही. ती कशी सोडवावी? आणि फ्लोराइडची पेस्ट चालेल का? तिला अजून थुंकता येत नाही, सगळं गिळते.

प्रतिसाद १
मी बालदंतवैद्य आहे. खालचे दात चांगले आणि वरचे किडलेले, हे बाटलीच्या किडीचं नेहमीचं चित्र. चोखताना जीभ खालच्या दातांवर येते आणि तिथे लाळही भरपूर असते, म्हणून ते वाचतात. झोपेत लाळ कमी होते आणि दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. त्यातल्या साखरेपासून जंतू आम्ल तयार करतात आणि ते दात पोखरतं.

घरच्यांना एवढंच सांगा: पुढचे दात सहा-सात वर्षांपर्यंत लागतात, आणि मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत. त्या दाढा आता येताहेत किंवा नुकत्याच आल्या असतील. तोंडातली कीड थांबली नाही तर पुढचा नंबर त्यांचा. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही.

दात दुखत नसेल आणि पू नसेल तर मी स्वतः सिल्व्हरच निवडेन. ती शांत बसायला लागली की त्यावर दाताच्या रंगाचं फिलिंग करता येतं. औषध हिरडीला किंवा ओठाला लागलं तर तो डाग काही दिवसांत जातो. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं, त्या तारखा चुकवू नका. मधेच रात्री दुखून जाग आली किंवा हिरडीवर फोड दिसला तर मात्र लगेच दाखवा.

पांढरे पट्टे ही अगदी सुरुवात आहे, खड्डा पडायच्या आत ते सावरू शकतात. त्यासाठी पेस्ट फ्लोराइडचीच हवी, सुमारे १००० पीपीएमची (पीपीएम म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइडचं प्रमाण). तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तेवढी गिळली तरी चालते. ट्यूब तिच्या हाती लागू देऊ नका. ब्रश तुम्हीच करायचा, सात-आठ वर्षांची होईपर्यंत.

प्रतिसाद २
ताई, आम्ही बाटली एकदम काढली नाही. दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत नेलं, शेवटी बाटलीत नुसतं पाणीच राहिलं. दूध कपातून, झोपायच्या बरंच आधी, आणि त्यानंतर ब्रश. मधे काही रात्री रडारड झाली, पण तेव्हा पुन्हा दूध दिलं नाही. ब्रशसाठी तिला आडवी करा, डोकं तुमच्या मांडीवर, म्हणजे मागच्या दाढा नीट दिसतात.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. दाढांचं वाचून घरचे गप्प झाले, आम्ही सिल्व्हर लावून घेतोय. एकच राहिलं: तिचं खोकल्याचं औषध गोड आहे आणि ते रात्री द्यावं लागतं. त्याचं काय?

प्रतिसाद १
ब्रशच्या आधी द्या. ब्रशनंतरच द्यावं लागत असेल तर वरून पाणी पाजा, आणि साखर नसलेलं औषध मिळतं का ते तिच्या डॉक्टरांना विचारा.