बूदवार शूट: पोझ शिकवायची की आधी बाईला मोकळं होऊ द्यायचं?

खिडकीचा_उजेड: राजारामपुरीत माझा छोटा स्टुडिओ आहे. बारशी, साखरपुडे करते, आणि काही वर्षांपासून बूदवार शूटही. बाईनं स्वतःसाठी, अंतर्वस्त्रांत किंवा नुसती साडी लपेटून काढून घेतलेले खासगी फोटो. या फ्रेंच शब्दाचा अर्थच बाईची स्वतःची खोली. परवा एका कार्यशाळेत सांगितलं गेलं, "वीस पोझचा चार्ट भिंतीला लावा, एकेक करून घ्या." मला हे पटलेलं नाही.

गेल्या महिन्यात चाळिशीच्या एक ताई आल्या, दोन बाळंतपणं झालेल्या. गाऊनचा पट्टा इतका घट्ट धरलेला की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी कॅमेरा कपाटातच ठेवला आणि चहा टाकला. त्या मुलीच्या दहावीबद्दल, सासूच्या गुडघ्याबद्दल बोलत राहिल्या. अर्ध्या तासानं पट्टा आपोआप सैल झाला. मग खिडकीपाशी उभं केलं आणि एवढंच म्हटलं, "केस मागे घ्या." सगळ्यात चांगला फोटो तोच आला. पोझ देऊ नका, हाताला काम द्या, असं माझं म्हणणं.

पन्हाळा_८५: ताई, चहा बरोबर, पण पुढचं नाही पटलं. पोझ न सांगणं म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणं. हातांचं काय करायचं हे कुणालाच कळत नसतं, भीती तिथूनच सुरू होते. "रिलॅक्स व्हा" म्हटलं की खांदे आणखी वर जातात. नेमकं सांगावं: वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा सैल, कोपर कमरेपासून चार बोटं लांब, हनुवटी आधी पुढे मग किंचित खाली. श्वास सोडताना शटर. मी प्रत्येक पोझ आधी स्वतः करून दाखवतो, हात लावत नाही.

खिडकीचा_उजेड: करून दाखवता हे फार आवडलं. पण हनुवटी, कोपर, गुडघा एका दमात सांगितलं की बाईचा चेहरा तोंडी परीक्षेला बसल्यासारखा होतो. शरीर बरोबर आणि डोळे घाबरलेले, असा फोटो काय कामाचा?

दुसऱ्या_बाजूची: मी फोटो काढून घेतलेली आहे, म्हणून लिहिते. पहिल्या ठिकाणी फोटोग्राफरनं न विचारता माझ्या खांद्यावरची पट्टी सरकवली. त्यानंतर एकही फोटो धड आला नाही. त्यात जुलै महिना, खोली गार, अंगावर इलॅस्टिकचे वळ. सैल कपडे घालून या, असं आधी कुणी सांगितलंच नव्हतं. वळ जाईपर्यंत कुडकुडत बसले. दुसऱ्या ठिकाणी हीटर होता, आणि त्या बाई "सुंदर, सुंदर" न म्हणता "डावा हात बरोबर आहे, तसाच ठेवा" म्हणायच्या. त्या एका वाक्यानं धीर आला. त्यामुळे मी सूचनेच्या बाजूची. गप्पांनी मी मोकळी झाले असते असं वाटत नाही. अनोळखी माणसाशी बोलायचाही ताणच येतो.

पेठेतला_वकील: तुम्ही दोघंही मूळ सोडून बोलताय. कोल्हापुरात या पेठेत शिंकलं की त्या पेठेत ऐकू जातं. बाई कोपरामुळे आखडत नाही, फोटो कुणाच्या फोनवर जाईल या धास्तीनं आखडते. आधी कागद करा: फाईल कुठं राहणार, कधी पुसणार, जाहिरातीत वापरणार की नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्वच्छ आहे: असा खासगी फोटो काढायला बाईची संमती असली तरी तो पसरवायला नसेल, तर पसरवणं गुन्हा. पहिल्यांदा दोषी ठरलं तरी किमान १ वर्षाची कैद. हे समोर बसून वाचून दाखवा, मग चहा करा नाहीतर चार्ट लावा.

खिडकीचा_उजेड: कागद माझ्याकडे आहे, पण तो मी शेवटी, फोटो देताना सही करून घेते. हे चुकलंच. त्या ताईंनी पट्टा कशासाठी धरला होता, हे मी विचारलंही नव्हतं. गुरुवारी शूट आहे, कागद आधी. चार्ट मात्र नाही लावणार.

पन्हाळा_८५: चार्ट नको, चालेल. पण गुरुवारी पहिला फोटो बसलेला घ्या, उभा नको. मांडीवर उशी द्या, हात आपोआप जागा शोधतात.