प्रतिबंधाच्या अभ्यासाला लोक कसे मिळवायचे?

प्रश्न: कॅन्सर प्रतिबंधाच्या अभ्यासासाठी निरोगी माणसं हवीयत, पोस्टर लावले मेसेज टाकले पण कोणी फिरकतच नाही, आता वस्तीतल्या एका संस्थेला विचारावं म्हणतोय, चालेल ना?

उत्तर १: नुसती नावं मागायला जाणार असाल तर नका जाऊ. फॉर्म, वेळा ठरवतानाच त्यांना सोबत बसवा आणि त्यांच्या कामाचे पैसे बजेटमध्ये धरा, फुकट राबवणं बरं नव्हे.

उत्तर २: अविश्वासाला अडाणीपणा समजू नका हो. अमेरिकेतल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ चाललेल्या सरकारी अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांना अंधारात ठेवून सिफिलिस या गुप्तरोगाचे उपचार दिलेच नाहीत, लोक विसरत नाहीत. आणि संस्थेतल्या ताईंच्या भिडेखातर कोणी सही करू नये, संमती एकट्यात घ्या.

प्रश्नकर्ता: पैशाचं डोक्यातच नव्हतं! एथिक्स कमिटीला परत कळवायचं का?

उत्तर १: हो, आधी मंजुरी, मग बदल.