मदत हवी आहे: राउंडस्टोन बॉगचा जुना सहा-इंची (मैलाला सहा इंच) नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही

नकाशेवेडा: तातडीनं हवंय. आयर्लंडमधल्या कॉनमाराच्या राउंडस्टोन बॉगचा (पीटच्या दलदलीचा) नकाशा आजच्या नकाशावर बसवतोय. दोन्हींवर ओळखू येणारे १४ पॉइंट जुळवून दिले, एरर जवळपास शून्य, तरी मधली तळी ४०-५० मीटर सरकलेली दिसतात. का?

पीटकर: नकाशाची आवृत्ती कोणती? ट्रान्सफॉर्मेशन (नकाशा ताणून बसवायचं सूत्र) कोणतं? पॉइंट कुठे घेतलेत?

नकाशेवेडा: पहिली. थिन प्लेट स्प्लाइन. रस्त्यांचे फाटे आणि तळ्यांचे काठ.

पीटकर: मग एरर शून्यच येणार. स्प्लाइन प्रत्येक पॉइंटला नेमकी बसते आणि चूक मधल्या भागात ढकलते. पॉलिनॉमियल १ लावा, म्हणजे अख्ख्या शीटला एकच साधं सूत्र. किमान ३ पॉइंट लागतात, १०-१२ द्या, म्हणजे चुकार पॉइंट उघडा पडेल. पीटचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या थराचा) काठ जुळवणीच्या पॉइंटला घेऊ नका. तो खचतो, पाण्याच्या पातळीबरोबर हलतो. उघडा खडक, पूल, जुन्या भिंतींचे कोन घ्या.

चौकट: एवढी शोधाशोध कशाला? शीटचे चार कोपरे घ्या. पूर्ण शीट ३६ × २४ इंच, म्हणजे ६ × ४ मैल, ९६५६ × ६४३७ मीटर.

पीटकर: कोपऱ्यांचे आयटीएम (आयर्लंडची आजची नकाशा-ग्रिड) आकडे आणणार कुठून? शीट कासिनी प्रोजेक्शनवर (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची एक पद्धत) आहेत, मूळबिंदू काउंटीगणिक (जिल्ह्यागणिक) वेगळा. इथली काउंटी गॉलवे, तिचा मूळबिंदू घालून कस्टम सीआरएस (निर्देशांक-पद्धती) बनवा, मग २१५७ मध्ये (आयटीएमचा कोड) न्या.

चौकट: एका शीटपुरता प्रोजेक्शनचा फरक नगण्य असतो.

पीटकर: फरक नगण्य, पण जागा तर कळायला हवी! आणि हेल्मर्ट ट्रान्सफॉर्मेशन वापरू नका. कागद आडवा-उभा सारखा आकसत नाही, हेल्मर्टमध्ये स्केल एकच.

कोल्बीप्रेमी: हे नकाशे बनवणाऱ्या ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटिश सरकारी मोजणीखातं) प्रमुख थॉमस कोल्बी. उत्तर आयर्लंडमधल्या लॉफ फॉइलची बेसलाइन (मोजणीची पायारेषा) १८२७-२८ मध्ये त्याच्या पितळ-लोखंडी पट्ट्यांनी मोजली. तापमान बदललं तरी दोन खुणांमधलं अंतर १० फूटच राहायचं. भारताचा सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्टनं तसल्याच पट्ट्यांनी १८३१-३२ मध्ये कलकत्त्याची बेसलाइन मोजली. फार मोठं काम!

ओहोटी: नकाशावरच्या उंच्या जुन्या पूलबेग पातळीपासून मोजलेल्या असतील तर फुटांच्या मीटर करून सुमारे २.७ वजा करा, मॅलिन हेडच्या आजच्या पातळीला जुळतील. पूलबेग म्हणजे डब्लिनच्या पूलबेग दीपगृहापाशी ८ एप्रिल १८३७ ची ओहोटी.

नकाशेवेडा: उंचीचा प्रश्नच नाहीये. दोन शीट फोटोशॉपमध्ये आधीच जोडल्यात, त्यानं फरक पडेल का?

पीटकर: पडेलच! हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. प्रत्येक शीट आपापल्या परीनं आकसलेली असते. सांधा जुळवायला एक ताणली की ती चूक कुठल्याच एका सूत्रानं निघत नाही. मूळ स्कॅन वेगवेगळे बसवा, नकाशाच्या चौकटीवर क्लिप करा (कापा), मग व्हर्च्युअल रास्टरनं (मूळ फाइली न बदलता एकत्र दाखवणारी फाइल) जोडा. ४-५ पॉइंट फक्त पडताळणीसाठी राखून ठेवा, तेही बॉगच्या मध्यातले: तळ्यांतली खडकाळ बेटं चालतील.