स्विफ्टचा लोअर आर्म घरीच बदलायचाय, सल्ला पाहिजे

कळंबेकर:
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१२ ची, १ लाख १८ हजार किमी झालेत. गेल्या महिन्यात गगनबावड्याकडनं येताना डाव्या बाजूला पुढं खट्ट खट्ट सुरू झालं, आता गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर पण ऐकू येतंय आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढतीय. एका गॅरेजवाल्यानं खाली न बघताच दोन्ही शॉकअप गेलेत म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं टॉमी (लोखंडी पहार) घालून दाखवलं, लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, मागचा बुश (रबरी सांधा) फाटलाय. ब्रेक पॅड मी स्वतः बदलतो, पाना-सॉकेट सगळं आहे, पार्किंगला सिमेंटचा कोबा आहे. फक्त बुश घालू की आख्खा आर्म? आणि काय काय जमवून ठेवू?

आपटेनगर_गाडीवाला:
भावा, बुश फाटलेला डोळ्यानं बघितलास ना, मग शॉकअपचं आत्ता राहू दे. पण त्याच बाजूची लिंक रॉड, म्हणजे दोन्ही बाजू जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारची छोटी दांडी, पण बघून घे, खट्ट आवाज बऱ्याचदा तिचाच असतो. चाक उचलून वर-खाली धरून हलव, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर, तिथं खेळ लागला तर बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा, बघायचा (बेअरिंगचा पण असू शकतो, म्हणून कुणाला तरी हलवायला लाव आणि तू जॉइंटकडं बघ). ३ आणि ९ वर खेळ असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांडीचं चाकाकडचं टोक.
एवढे किमी झालेत तर माझं मत आख्खा आर्म घाल. नवीन बुश, नवीन बॉल जॉइंट सगळं एकदम येतं, आणि उजवी बाजू पण तेवढीच चाललीय, जमलं तर दोन्ही घे.

उद्यमनगरचा_लेथवाला:
बुश घरी ठोकून बसवायच्या भानगडीत पडू नका दादा. हातोड्यानं वाकडा बसतो आणि बाहेरची नळी चेपते. आर्म चांगला असेल, बॉल जॉइंट घट्ट असेल तर आर्म काढून उद्यमनगरात घेऊन या, हायड्रॉलिक प्रेस असलेली वर्कशॉपं बरीच आहेत. जुना बुश काढायच्या आधी त्याची दिशा आर्मवर खुणेनं मारून ठेवा, काही बुशच्या रबरात एका अंगाला पोकळी असते, ती फिरली की काम वाया गेलं.

कळंबेकर:
बॉल जॉइंटला पण थोडा खेळ आहे, आज बघितलं. म्हणजे आख्खा आर्मच. दोन्ही बाजूचे ओरिजिनल सांगितलेत. गाडी २०१९ च्या पुरात दोन दिवस पाण्यात होती, बोल्ट सुटतील का हीच काळजी वाटतीय.

शाहूपुरीची_ताई:
पुरातली गाडी असेल तर आदल्या रात्रीच सगळ्या बोल्टवर गंज सुटायचं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा. आम्ही बाबांच्या गाडीचं केलं तेव्हा पुढच्या बुशचा बोल्ट आतल्या नळीतच धरून बसला होता, नट सुटला पण बोल्ट हलेना, शेवटी लांब पाइप लावून मागं-पुढं करत करत काढला. पहिल्या बाजूला चार तास गेले, दुसऱ्या बाजूला दीड तास. नवीन बोल्ट-नट आधीच आणून ठेवा, जुने परत घालू नका.
आणि एक कळकळीनं सांगते, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. विटा, दगड तर नाहीच, वीट वजनानं एकदम फुटते. दोन जॅक स्टँड घ्या, मागच्या चाकांना अडण लावा आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. आमच्या शेजारच्यांची गाडी जॅकवरनं घसरली होती, त्या वेळी खाली कुणी नव्हतं म्हणून वाचले. तेव्हापासनं मी हे प्रत्येकाला सांगते.

आपटेनगर_गाडीवाला:
ताई बोलल्या ते शंभर टक्के. पुढची दोन्ही चाकं उचल, एकच उचललं तर स्टॅबिलायझर बार आर्म वर ओढून धरतो. नकलमधला (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) बॉल जॉइंटचा बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढायचा, कारण तो जॉइंटच्या खाचेतनं जातो. मग नकलच्या फटीत छिन्नी हलकी मारून फट जराशी उघडायची आणि टॉमीनं आर्म खाली दाबायचा. नकल बाहेर ओढू नको, ड्राइव्ह शाफ्ट आतनं निसटतो, आणि ब्रेकच्या पाइपवर वजन येऊ देऊ नको.
आता सगळ्यात महत्त्वाचं. बुशचे बोल्ट चाक हवेत लोंबत असताना फायनल टाइट करायचे नाहीत. हवेत आर्म खाली झुकलेला असतो, तिथं आवळलास तर गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश थोड्याच दिवसात फाटतो. हातानं बसव, आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून गाडी स्टँडवरनं किंचित उचलायला लागेपर्यंत वर घे आणि मग टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणं आवळ. बरेच जण हे सोडतात, गॅरेजात पण.

कळंबेकर:
झालं काम! रविवारी सकाळी आठला बसलो, भाऊ मदतीला होता, दुपारी तीनला गाडी खाली. डाव्याचा बोल्ट ताईंनी सांगितला तसाच अडकला, पाइप लावूनच सुटला. काढलेल्या आर्मचा मागचा बुश हातानं गोल फिरत होता. सोमवारी व्हील अलाइनमेंट केलं, टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बराच बाहेर गेला होता. आज रंकाळ्यावरनं फुलेवाडीपर्यंत जाऊन आलो, आवाज बंद, ब्रेकला गाडी सरळ थांबतीय. शंभरेक किमी झाले की सगळे बोल्ट परत एकदा बघणार. स्टँड माझ्याकडं पडून आहेत, कोल्हापुरात कुणाला लागले तर मेसेज करा, घेऊन जावा.