सर्व्हेअर पाठवला म्हणजे उशीर माफ झाला का?

जळका_बंपर (सिंहगड रोड):
गेल्या मे महिन्यात वडगावच्या पुलाजवळ बॉनेटमधून धूर आला आणि पाच मिनिटांत गाडीचा खेळ खलास. बंब येईपर्यंत अ‍ॅलॉयचं चाक वितळून डांबरावर ओघळलं होतं. त्यातला गार झालेला एक ओघळ मी घरी आणून टीव्हीशेजारी ठेवलाय. हात भाजल्याने दवाखान्यात होतो, विमा कंपनीला कळवायला ११ दिवस लागले.

तेव्हा उशिराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारे, आले, तारेच्या ब्रशने काजळी घासून चेसिस नंबर वाचला, दोन्ही किल्ल्या घेऊन गेले. मग तपासनीस आले. तीनदा तेच कागद मागितले. पाच महिन्यांनी नकाराचं पत्र: बाहेरून बसवलेल्या दिव्यांच्या वायरिंगने आग लागली, म्हणजे विद्युत बिघाड, सबब क्लेम बसत नाही. ग्राहक आयोगात गेलो, तर कंपनीच्या लेखी जबाबात नवंच कलम: "११ दिवस उशीर, अट मोडली." माझं म्हणणं एवढंच की ही अट त्यांनी केव्हाच सोडून दिली होती.

रिटायर्ड_सर्व्हेअर:
वाईट झालं, पण तुमचा मुद्दा चुकतोय. मोठ्या रकमेच्या क्लेमला सर्व्हेअर पाठवणं विमा कायद्याच्या ६४ यूएम कलमाने बंधनकारक आहे. कायदा पाळला म्हणून हक्क सोडला, हे कुठलं तर्कशास्त्र? माझ्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'विदाउट प्रेज्युडिस', म्हणजे कंपनीचे हक्क अबाधित ठेवून, असं असायचं, ते शोभेला नव्हे. २०१८ चा सोनेल क्लॉक्सचा निकाल वाचा. सर्व्हेअर नेमला एवढ्यावरून अट सोडली असं होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय.

आणि उद्या उशिराच्या क्लेमवर माणूस पाठवणंच कंपन्यांनी बंद केलं तर? नुकसान तुमचंच.

कोर्टकचेरी_कोथरूड:
काका, सोनेलमध्ये नकाराच्या पत्रात उशिराचं कारण लिहिलेलं होतं. तेवढं सांगायचं राहिलं तुमचं! त्याआधी २०१६ मध्ये गलाडा पॉवरचा निकाल आहे. वाहतुकीत माल खराब झाल्याचा क्लेम. उशीर झालेला, तरी कंपनीने सर्व्हेअर नेमला आणि पत्रात उशिराचा उल्लेखही केला नाही. कोर्ट म्हणालं, अट सोडली. २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्समध्येही तेच. तिथे तर कोळसा आपोआप पेटला होता. पत्रात नसलेलं कारण नंतर उकरून काढता येणार नाही, असं ठरलं.

म्हणजे सर्व्हेअर आला की नाही यावर भांडू नका. पत्र काढून वाचा.

शनिवारपेठ_स्पष्टवक्ती:
मला कंपनीचा पुळका नाही, पण हप्ता आपण सगळे भरतो. पॉलिसीत 'ताबडतोब लेखी कळवा' असं छापलंय. हात भाजला होता, मान्य. घरात दुसरं कुणीच नव्हतं? एक फोन! जळक्या गाडीतून ११ दिवसांत काय काय काढून नेता येतं ते भंगारवाल्यांना विचारा.

जळका_बंपर:
बायको आयसीयूच्या बाहेर बसून होती, ताई. आणि गाडीला कुणी हात लावला नाही. बंबवाल्यांचा अहवाल त्याच दिवसाचा आहे, पोलिसांकडे नोंद आहे.

शनिवारपेठ_स्पष्टवक्ती:
आयसीयूचं आधी लिहिलं असतं तर हे बोलले नसते. शब्द मागे. अटीबद्दलचं मत मात्र तेच.

हडपसर_ड्रायव्हर:
२० सप्टेंबर २०११ ला आयआरडीएने, म्हणजे विमा नियामकाने, परिपत्रक काढलं होतं ना, नुसत्या उशिरावर खरा क्लेम नाकारू नका म्हणून? शिवाय २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी गुरशिंदर सिंगच्या केसमध्ये तेच म्हटलं.

रिटायर्ड_सर्व्हेअर:
ती चोरीची केस. पोलिसांत लगेच फिर्याद होती म्हणून. आगीत सगळं मोडक्या गाडीवरून ठरतं. एका वायरचं तुटलेलं टोक मण्यासारखं वितळलंय की नुसतं काळं पडलंय, यावर निष्कर्ष फिरतो, आणि पावसाचे दोन शिडकावे झाले की तेही गेलं. म्हणून 'ताबडतोब'.

आता तुमच्या बाजूचं एक सांगतो. मोटर पॉलिसीत आग आणि आपोआप पेट घेणं ही दोन्ही नावानिशी छापलेली जोखीम आहे. विद्युत बिघाड वगळलाय तो बिघडलेल्या वायरच्या खर्चापुरता, असं मी तरी धरत आलो. सगळी गाडी जळाली तर 'बिघाड' म्हणून हात झटकणं मला पटत नाही. खरी लढाई तिथे लढा, उशिराच्या मागे लागू नका.

कोर्टकचेरी_कोथरूड:
दोन्ही लढायच्या. बंपर, पत्राची शेवटची ओळ जशीच्या तशी टाका.

जळका_बंपर:
"अन्य कारणे मांडण्याचा हक्क कंपनी राखून ठेवीत आहे."

रिटायर्ड_सर्व्हेअर:
बघा.

कोर्टकचेरी_कोथरूड:
काय बघा? 'अन्य' म्हणजे कुठलं? ११ दिवस त्यांना पहिल्या फोनपासून माहीत होते, तरी पाच महिन्यांनी लिहिलेल्या पत्रात नाहीत. ही छापील ओळ प्रत्येक पत्राखाली असते, तिने सगळंच वाचत असेल तर मग कारणं लिहायचीच कशाला?

जळका_बंपर:
पुढची तारीख १९ ला आहे. काका, त्या वितळलेल्या मण्याबद्दल तुम्हाला फोन केला तर चालेल का? सर्व्हेच्या फोटोंत एक वायर दिसतेय.

रिटायर्ड_सर्व्हेअर:
संध्याकाळी पाचनंतर करा. फोटो मूळ आकारात पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर दाबलेले नकोत.