मदत हवी आहे : प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण फायबरचा वेग ९४ च्या पुढे जातच नाही

धागालेखक :
गेले बारा दिवस आमच्या घरच्या फायबर जोडणीचा वेग ९४ एमबीपीएसच्या वर गेलेला नाही. प्लॅन ३०० चा आहे आणि आधीचे सात महिने तेवढा वेग मिळतही होता. कंपनीकडे तीन वेळा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा ‘आमच्याकडून सर्व ठीक आहे, राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ एवढेच सांगून तक्रार परस्पर बंद करण्यात आली. राउटर बंद-चालू करून झाला आहे, रीसेटही केला आहे. तो सल्ला कृपया पुन्हा देऊ नये. मला कामासाठी मोठमोठे व्हिडिओ पाठवावे लागतात आणि उद्या संध्याकाळपर्यंत एक काम पोहोचवायचेच आहे. नेमके काय करावे ते जाणकारांनी सांगावे.

रानवारा :
वेग लॅन केबल लावून मोजला की वायफायवर? वायफायवर मोजला असेल, तर फोन २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला नाही ना, ते आधी पाहा. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि शेजारपाजारचे सगळे राउटर त्यांतच दाटीवाटीने बसलेले असतात. माझ्याकडे ५ गिगाहर्ट्झवर गेल्यावर वेग तिप्पट झाला होता.

धागालेखक :
वायफायवरच मोजला, पण ५ गिगाहर्ट्झवर आणि राउटरपासून दोन हातांवर बसून. तरीही ९४.

दीपस्तंभ :
आपण डीएनएस बदलून पाहावा. राउटरमध्ये १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकल्यावर माझ्या घरी संकेतस्थळे उघडण्यात जाणवण्याइतका फरक पडला. दोन मिनिटांचे काम आहे आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

तारवाला :
दीपस्तंभ, डीएनएसचे काम नावावरून पत्ता शोधून देण्याचे. पत्ता मिळून फाइल येऊ लागली की डीएनएसचा संबंध संपतो. त्याने पान उघडण्याआधीचा क्षणभराचा विलंब कमी होईल. ९४ चे ३०० होणार नाहीत.

दीपस्तंभ :
हे पूर्ण खरे नाही. मोठी संकेतस्थळे आपला मजकूर अनेक ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवतात आणि त्यांतला कोणता सर्व्हर आपल्याला मिळणार, हे डीएनएसवरही अवलंबून असते. दूरचा सर्व्हर मिळाला तर डाउनलोडही मंदावते. मी स्वतः अनुभवलेली गोष्ट सांगत आहे.

तारवाला :
तो मुद्दा मान्य, पण तसे असते तर एखादेच संकेतस्थळ मंद वाटले असते. इथे तक्रार सरसकट आहे.

शोधयात्री :
मूळ प्रश्नाकडे वळू या. फायबरच्या मोडेमच्या सेटिंगमध्ये ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे मोडेमपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, हा आकडा दिसतो, तो किती आहे? उणे २७ डीबीएमच्या (हे त्या ताकदीचे एकक) जवळ किंवा त्याखाली असेल तर प्रकाश क्षीण पोहोचत आहे, असे समजावे. दर ३ डेसिबेलला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे दाराच्या फटीत वायर करकचून वाकली असली तरी आकडा झटकन घसरतो. दुसरे असे की जीपॉन या घरोघरी फायबर देण्याच्या पद्धतीत एका फायबरवरचे सुमारे २.५ जीबीपीएस (१ जीबीपीएस म्हणजे १००० एमबीपीएस) ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. तेव्हा रात्री उशिरा वेग वाढतो का, हेही कळवावे.

धागालेखक :
आकडा उणे १९.६ आहे. लाल दिवा नाही. रात्री तीनलाही उठून पाहिले, ९४.१. काल दुपारी ९३.९ होता. अपलोडही तेवढाच.

सहप्रवासी :
मोठ्या घरात एका राउटरवर भागत नाही. आम्ही मेश, म्हणजे घरभर एकच वायफाय पुरवणारे जोडलेले राउटर, बसवली, तेव्हापासून गच्चीतही व्हिडिओ कॉल तुटत नाही.

तारवाला :
मेशची गोष्ट वेगळी आहे, इथे राउटरच्या शेजारी बसूनही वेग मिळत नाही. माझे लक्ष ९४ या आकड्याकडे आहे. गर्दीमुळे वेग कमी झाला असता, तर तो दुपारी वेगळा आणि रात्री तीनला वेगळा दिसला असता. वायफायचा दोष असता, तर खोलीगणिक बदलला असता. चोवीस तास आणि दोन्ही दिशांना ९४ च मिळत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा दरवाजा आहे. इथरनेटवरून, म्हणजे लॅन केबलवरून, माहिती जाते तेव्हा तारेवरच्या साधारण १५३८ बाइटांत आपल्या कामाचे १४४८ बाइट असतात, बाकीचे वेष्टण. म्हणून १०० च्या तारेवर मोजमापात ९४ दिसतात. मोडेम आणि राउटर एकाच डब्यात आहेत की वेगळे? आणि बारा दिवसांपूर्वी घरात काय बदलले?

धागालेखक :
वेगळे आहेत. फायबरचा मोडेम दारापाशी, राउटर दिवाणखान्यात, मध्ये साधी लॅन केबल. ती पहिल्यापासून तीच असल्यामुळे लिहिली नव्हती. बारा दिवसांपूर्वी फक्त कपाट सरकवले होते.

तारवाला :
मग ती केबल काढून पाहा. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १ जीबीपीएससाठी चारही लागतात; १०० एमबीपीएस मात्र दोनच जोड्यांवर चालते. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार जरी तुटली, तरी बहुतेक उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात. दिवा हिरवा राहतो, इंटरनेट चालू राहते आणि कंपनीला तिच्या टोकाकडून काहीही चुकीचे दिसत नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन’ पोर्टचा, म्हणजे मोडेमकडून येणारी केबल जिथे लागते त्या खाचेचा, वेग १०० आहे की १०००, तेही वाचा.

शोधयात्री :
बदलायचीच तर कॅट ८ ही लॅन केबलची वरची जात घ्यावी, म्हणजे पुढची चिंता नको.

तारवाला :
१ जीबीपीएससाठी धड असलेली कॅट ५ई १०० मीटरपर्यंत पुरते. दोष केबलच्या जातीत नसून तिच्या अवस्थेत असावा.

धागालेखक :
पानावर १०० च लिहिले होते. कपाट ओढले तर केबल त्याच्या मागच्या पायाखाली चेपलेली होती आणि राउटरच्या बाजूचा प्लग तिरका झाला होता. प्लग उजेडात धरला, तेव्हा पारदर्शक प्लास्टिकमधून सात तारा टोकापर्यंत गेलेल्या दिसल्या. आठवी, तपकिरी, पितळी पट्टीपासून मागे सरकलेली होती. मोडेमच्या खोक्यातली न वापरलेली केबल लावली. आता पोर्टवर १००० दिसते, वेग २९१ आणि अपलोड २८७ आहे. व्हिडिओ पाठवायला लावला आहे. तारवाला, आपले मनापासून आभार. कपाटाची गोष्ट मी पहिल्याच वेळी लिहायला हवी होती.

रानवारा :
नवी केबल भिंतीच्या कडेने, क्लिप मारून न्यावी, म्हणजे पुन्हा पायाखाली जाणार नाही.

सहप्रवासी :
हे वाचून मीही मोजले. मेश असूनही माझ्याकडे ९४ च येतात, मग माझीही केबल गेली का?

तारवाला :
कशावर मोजले?

सहप्रवासी :
टीव्हीवर. त्याला लॅन केबल थेट जोडली आहे.

तारवाला :
अनेक टीव्हींचे लॅन पोर्ट मुळातच १०० एमबीपीएसचे असते, त्यामुळे तिथे कोणतीही केबल लावली तरी ९४ च दिसतील. तीच केबल लॅपटॉपला लावून मोजा आणि मग आकडा इथे लिहा.